बुद्धगयेला जाऊन आलो, पण पुढे काय?

कापसाची पहिली वेचणी घरात आली की यवतमाळ जिल्ह्यातल्या विहारांच्या फळ्यांवर एक सूचना हमखास दिसू लागते. सारनाथ, बुद्धगया, राजगीर, नालंदा, वैशाली, कुशीनगर, लुंबिनी, श्रावस्ती. दहा-बारा दिवसांचा प्रवास, सोबत आचारी, दोन वेळचे जेवण, जागा मर्यादित. २०२५ मध्ये अतिवृष्टीने सोयाबीन गेले, कपाशीची बोंडे झाडावरच सडली, तरीही हे फळे कोरे राहिले नाहीत. बचत गटांच्या कामासाठी गावोगाव फिरताना कळते की अनेक उपासिका या प्रवासासाठी निंदण-वेचणीच्या मजुरीतून दोन-दोन वर्षे पैसे बाजूला टाकत असतात. जिने आयुष्यात नागपूरच्या पुढे पाऊल टाकलेले नसते, अशी आजी बोधिवृक्षाखाली बसून येते आणि पुढे अनेक वर्षे शेजारणींना ते सांगत राहते.

यंदाच्या मोसमात मात्र या प्रवासाला एक वेगळा संदर्भ आहे. ज्या महाविहारापुढे आपण डोके टेकवून येतो, त्याचे व्यवस्थापन बौद्धांच्या हाती द्यावे, या मागणीसाठी १२ फेब्रुवारी २०२५ पासून भिक्खू आणि उपासक आंदोलन करीत आहेत. आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या बसमधले किती जण त्या आंदोलनाची माहिती घेऊन जातात? तिथून परतल्यावर आपण गावाला काय सांगतो? प्रसादाची पाने आणि मोबाईलमधले फोटो यापलीकडे काही आणतो का? हे प्रश्न कोणाच्या श्रद्धेवर शंका घेण्यासाठी नाहीत. वारसास्थळ पाहण्याचा हक्क मिळाला म्हणजे ते सांभाळण्याचा हक्कही मिळाला, असे आपण गृहीत धरले आहे. वस्तुस्थिती तशी नाही. म्हणून हा लेख.

पाहण्याचा हक्कसुद्धा फुकट मिळालेला नाही

आज आपण तिकीट काढून कोणत्याही किल्ल्यात, कोणत्याही लेण्यात शिरतो. ९० वर्षांपूर्वी हे इतके सोपे नव्हते. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. सुमारे ३० जणांचा गट होता. वाटेत निजामाच्या राज्यातला दौलताबादचा किल्ला पाहायचे ठरले. प्रवासाने सगळे धुळीने माखले होते. किल्ल्याच्या दाराशी पाण्याचे छोटे टाके भरून वाहत होते, तिथे काहींनी तोंड-हातपाय धुतले. तेवढ्यावरून अस्पृश्यांनी टाके बाटवले असा आरडाओरडा झाला, जमाव जमला, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहू दिला, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. ती अट पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी एक हत्यारबंद शिपाई सोबत देण्यात आला. हा प्रसंग खुद्द बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांत लिहून ठेवला आहे.

या प्रसंगाचे एक वैशिष्ट्य लक्षात घेतले पाहिजे. इथे देवळाचा गाभारा नव्हता, मूर्ती नव्हती, पूजा नव्हती. होता तो एक जुना किल्ला, आणि तो पाहायला आलेली माणसे. म्हणजे इतिहास पाहण्याची साधी इच्छासुद्धा आपल्या आजोबा-पणजोबांना पहाऱ्यात पुरी करावी लागत होती. बॅरिस्टर आणि डॉक्टरेट असलेल्या माणसाचीही त्यातून सुटका नव्हती.

या अपमानाला पुढे संविधानाने उत्तर दिले. अनुच्छेद १५ नुसार धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून विहिरी, तलाव, रस्ते आणि सार्वजनिक जागांच्या वापरात कोणालाही अडवता येत नाही. अनुच्छेद ४९ राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके जपण्याची जबाबदारी राज्यावर टाकतो. अनुच्छेद ५१(क) हा वारसा जपणे नागरिकांचेही कर्तव्य मानतो. आणि अनुच्छेद २६ प्रत्येक धर्मसंप्रदायाला आपल्या धार्मिक बाबींचे व्यवस्थापन स्वतः करण्याचा हक्क देतो. हे चारही अनुच्छेद एकत्र वाचले तर पाहणे, जपणे आणि सांभाळणे अशी एक साखळी दिसते. आपण पहिल्या कडीपर्यंत पोहोचलो आहोत. पुढच्या कड्या अजून हाती यायच्या आहेत.

महाविहारात आपण किती?

बुद्धगयेचा प्रश्न भावनेपेक्षा आकड्यांतून लवकर समजतो. बिहार सरकारने १९४९ साली बोधगया मंदिर कायदा केला. त्यानुसार नेमलेल्या समितीत जिल्हाधिकारी अध्यक्ष आणि आठ सदस्य, असे एकूण नऊ जण असतात. आठ सदस्यांपैकी चार बौद्ध आणि चार हिंदू, त्यात तिथल्या शैव मठाचे महंतही आले. म्हणजे बौद्धांच्या सर्वोच्च पवित्र स्थानी बौद्धांचे बहुमत कधीही होऊ शकणार नाही, अशी रचना कायद्यानेच करून ठेवली आहे. जिल्हाधिकारी हिंदू नसेल तर त्याच्या जागी हिंदू अध्यक्ष नेमावा, अशीही तरतूद मूळ कायद्यात होती. ती २०१३ मध्ये काढून टाकण्यात आली. चार-चारचे गणित मात्र तसेच राहिले.

लढा जुना आहे. अनागारिक धम्मपाल १८९१ मध्ये बुद्धगयेला आले, तिथली दुरवस्था पाहून व्यथित झाले आणि त्याच वर्षी त्यांनी महाबोधी सोसायटी स्थापन केली. त्यांना महंतांविरुद्ध न्यायालयात झगडावे लागले. २००२ मध्ये युनेस्कोने महाविहाराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यानंतर पर्यटक वाढले, विमाने वाढली, हॉटेले वाढली, पण कायदा बदलला नाही. २०२५ मध्ये उपोषणाला बसलेल्यांना फेब्रुवारीअखेर पोलिसांनी महाविहाराच्या परिसरातून हलवले आणि धरणे दोमुहान येथे सुरू राहिले. माजी राज्यमंत्री सुलेखाताई कुंभारे यांची याचिका ऐकण्यास ३० जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला आणि उच्च न्यायालयात जाण्यास सांगितले. म्हणजे वाट बंद झालेली नाही, पण लांब आहे.

यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा की महाविहार साऱ्या जगाचा वारसा आहे, मग तो एका धर्माच्या हाती का द्यायचा? उत्तर आपल्या शेजारीच आहे. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा. तिथल्या तख्त सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात कोणत्याही जातिधर्माचा माणूस जातो, लंगरमध्ये जेवतो. म्हणून त्याचे व्यवस्थापन शिखांकडे नसावे, असे कोणी म्हणत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत त्या मंडळावर सरकारनियुक्त सदस्य वाढवण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा शीख समाज रस्त्यावर उतरला आणि सरकारला ते पाऊल थांबवावे लागले. पंजाबात तर १९२५ च्या कायद्याने गुरुद्वाऱ्यांचा कारभार शिखांनी निवडलेल्या समितीकडे दिला, त्याला २०२५ मध्ये १०० वर्षे झाली. दार सर्वांना उघडे असणे आणि किल्ल्या त्या श्रद्धेच्या लोकांकडे असणे, या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

दुसरा आक्षेप आपल्यातलाच आहे. दर्शनाला आलो, शांततेने जाऊ, यात राजकारण कशाला? कष्टाच्या पैशाने आलेल्या माणसाला शांतता हवी असते, हे समजण्यासारखे आहे. पण बाबासाहेबांनी दिलेल्या धम्मात उपासक हा नुसता नवस फेडणारा भक्त नाही. नोव्हेंबर १९५६ मध्ये प्रकृती ढासळलेली असतानाही बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि परतताना सारनाथ, कुशीनगर ही स्थळे त्यांनी पाहिली. दिल्लीला पोहोचल्यावर आठवडाभरातच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ते त्या स्थळांकडे लाखो नवदीक्षितांच्या वतीने गेले होते. आपली बसही त्याच वाटेने जाते.

लोक जागे असले की काय होते

गेल्या काही वर्षांतल्या तीन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात.

पहिली घटना आपल्या डोळ्यांसमोरची. दीक्षाभूमीच्या विकास आराखड्यात भूमिगत वाहनतळ होता. खोदकामाने स्तूपाला आणि बोधिवृक्षाला धोका होईल अशी लोकांना भीती होती. १ जुलै २०२४ रोजी हजारो लोक जमले, बांधकाम साहित्याची जाळपोळ झाली आणि त्याच दिवशी सरकारने कामाला स्थगिती दिली. जाळपोळीचे समर्थन करण्याचे कारण नाही. त्यातून आपल्याच तरुणांवर गुन्हे दाखल होतात, आणि कोर्टाच्या तारखांना आई-बाप मजुरी पाडून जातात. खरी चूक त्याआधीची होती. ज्या जागी दरवर्षी लाखो लोक येतात, त्या जागेचा आराखडा त्या लाखो लोकांना आधी समजावून सांगितला गेला नाही. आराखडा वाचला जातो, चर्चा होते, हरकती लेखी दिल्या जातात, अशी सवय दोन्ही बाजूंना असती तर १ जुलै उजाडलाच नसता.

दुसरी घटना लंडनची. १०, किंग हेन्रीज रोड या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये विद्यार्थी म्हणून राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेऊन स्मारक केले. पुढे निवासी भागात संग्रहालय नको म्हणून स्थानिक कॅम्डेन कौन्सिलने परवानगी नाकारली. जाहीर सुनावणी झाली. तिथल्या आंबेडकरी संघटनांनी, अभ्यासकांनी आणि वकिलांनी बाजू मांडली आणि मार्च २०२० मध्ये संग्रहालयाला मान्यता मिळाली. इंग्लंडला गेलेल्या आपल्या मुलामुलींना आज त्या घरात पाऊल ठेवता येते, ते चिकाटीने चालवलेल्या कागदोपत्री लढाईमुळे.

तिसरी घटना पिपरहवाची. १८९८ मध्ये विल्यम पेपे या इंग्रज जमीनदाराने आजच्या उत्तर प्रदेशातील सिद्धार्थनगर जिल्ह्यात एका स्तूपाचे उत्खनन केले. भगवान बुद्धांच्या अस्थी आणि त्यांसोबत ठेवलेली रत्ने तिथे मिळाली. त्या रत्नांपैकी काही भाग पेपे कुटुंबाकडेच राहिला. मे २०२५ मध्ये तो हाँगकाँगला लिलावात निघणार होता. जगभरातल्या बौद्धांनी आवाज उठवला, भारत सरकारने नोटीस बजावली, लिलाव थांबला आणि गोदरेज समूहाच्या मदतीने ती रत्ने ३० जुलै २०२५ रोजी भारतात परतली. आनंदाची गोष्ट आहे. पण श्रद्धेने स्तूपात ठेवलेली वस्तू परत आणायला शेवटी खरेदीच करावी लागली, हेही विसरू नये. अमरावतीच्या महास्तूपाची शिल्पे आजही ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

तिन्ही ठिकाणी वारसा वाचला तो कोणी तरी वेळेवर हटकले म्हणून. नागपुरात रस्त्यावर हटकले, लंडनमध्ये सुनावणीत हटकले, हाँगकाँगच्या बाबतीत सरकारी नोटिशीने हटकले. हटकण्यासाठी आधी माहिती लागते. ती माहिती आपल्या सहलींतून आपण गोळा करतो का?

फलकावर कोणाचे नाव?

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. रायगड, शिवनेरी, प्रतापगड यांच्यासह महाराष्ट्रातले ११ आणि तामिळनाडूतला जिंजी, असे १२ किल्ले यादीत आले. शिवरायांचे गडकोट जगाने मान्य केले याचा आपल्यालाही अभिमान आहे. या यशामागची पद्धत मात्र नीट पाहण्यासारखी आहे. शासनाने प्रस्ताव तयार केला, तज्ज्ञ नेमले, पॅरिसला शिष्टमंडळ पाठवले, गडप्रेमी संस्था वर्षानुवर्षे गडांवर राबल्या. इच्छा आणि पाठपुरावा असला की काम होते.

आता लेण्यांकडे पाहा. देशातल्या कोरीव लेण्यांपैकी बहुसंख्य महाराष्ट्रात आहेत आणि त्यातली बहुसंख्य बौद्ध आहेत. अजिंठा आणि वेरूळ १९८३ मध्येच जागतिक यादीत गेले. पण कार्ले, भाजे, कान्हेरी, जुन्नर आणि नाशिकची त्रिरश्मी लेणी त्या यादीत नाहीत. त्रिरश्मी हे नाव तिथल्या शिलालेखात असूनही लोकांच्या तोंडी ‘पांडवलेणी’ बसले. वेरूळच्या १० क्रमांकाच्या चैत्यगृहात बुद्धमूर्ती समोर असूनही ‘विश्वकर्मा’ आणि ‘सुताराची झोपडी’ ही नावे रूढ झाली. लेण्याद्रीचा गणपती ज्या गुहेत आहे, तो मुळात बौद्ध भिक्खूंचा विहार आहे. कोणाच्या आजच्या श्रद्धेला धक्का लावण्याचा येथे प्रश्न नाही. अष्टविनायकाला जाणाऱ्याने खुशाल जावे. मात्र तिथे उभ्या राहणाऱ्या प्रत्येक शाळकरी मुलाला ही जागा मुळात काय होती, हे मराठी फलकावर स्वच्छ लिहिलेले दिसले पाहिजे. एवढी मागणी तरी आपण लेखी करतो का?

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हॉलब्वाख यांनी दाखवून दिले की समाजाची आठवण हवेत टिकत नाही, तिला जागेचा आधार लागतो. जागेचे नाव बदलले की दोन-तीन पिढ्यांत आठवणही बदलते. भारतातला बौद्ध इतिहास असाच पुसला गेला आणि नंतर उत्खननांतून पुन्हा वर आला. तो दुसऱ्यांदा पुसला जाऊ नये याची काळजी आता आपण घ्यायची आहे.

वणीपासून तासा-दीड तासावर

यवतमाळच्या माणसाला बुद्धवारसा पाहायला बिहारपर्यंतच जावे लागते, हाही एक गैरसमज आहे. वणीहून वर्धा नदी ओलांडून वरोऱ्यामार्गे तासा-दीड तासात भद्रावती येते. तिथली विजासन टेकडीची लेणी वेगळ्याच धाटणीची आहेत. डोंगरात सरळ आत खोदत नेलेली लांब बोगद्यासारखी वाट, तिच्या टोकाला बसलेली भव्य बुद्धमूर्ती, आणि डावी-उजवीकडे फुटणाऱ्या दोन वाटांच्या टोकांनाही बुद्ध. सातव्या शतकात आलेल्या ह्यू-एन-त्संगने वर्णन केलेली कोसल देशाची राजधानी कोणती, या चर्चेत अभ्यासकांनी भांदक म्हणजे याच भद्रावतीचे नाव पुढे केले. याच गावातल्या पार्श्वनाथ मंदिरात देशभरातले जैन भाविक येतात. धर्मशाळा आहे, भोजनशाळा आहे, माहिती आहे. त्याच गावच्या टेकडीवरच्या लेण्यांत वर्षभर आपल्यातले किती जण जातात?

भंडारा जिल्ह्यातले वैनगंगेकाठचे पवनी नागपूरहून साधारण ८० किलोमीटरवर आहे. १९६९-७० मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि नागपूर विद्यापीठ यांनी शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खनन केले आणि जगन्नाथ टेकडीवर मौर्य-सातवाहन काळातला मोठा स्तूप उजेडात आला. ब्राह्मी लेख असलेले कठड्याचे खांब आणि मुचलिंद नागाचे शिल्प तिथे मिळाले. दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी नागलोकांच्या बौद्ध परंपरेचा उल्लेख केला होता. त्या परंपरेचा दगडी पुरावा नागपूरपासून दोन तासांच्या आत आहे, आणि आपल्या सहलींच्या पत्रकावर पवनीचे नाव क्वचितच असते.

हे स्तूप आणि लेणी उभारली कोणी? नुसत्या राजांनी नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहावर धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या गंध विकणाऱ्याचे दान कोरलेले आहे, आणि त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराचे कामही नोंदलेले आहे. ठिकठिकाणच्या लेखांत भिक्खुणी आहेत, व्यापारी आहेत, गृहिणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी कष्टकऱ्यांनी थोडे थोडे देऊन जे उभारले, तेच पाहायला आज वेचणीच्या मजुरीतून पैसे जमवून उपासिका जातात. हा धागा आपल्या बसमध्ये कोणी सांगितला, तर त्या प्रवासाचा अर्थच बदलेल.

आपल्या हातून काय होते

सरकारला जाब विचारताना स्वतःकडेही पाहिले पाहिजे. प्राचीन मूर्तीपुढे मेणबत्त्या आणि अगरबत्त्या लावल्याने काजळी धरते, दगडाची झीज होते. श्रद्धेपोटी जुन्या शिल्पाला रंग देणे, लेण्यात फरशी बसवणे, नवी मूर्ती आणून ठेवणे, भिंतीवर मंडळाचे नाव लिहिणे, हे सारे वारशाचे नुकसानच आहे. संरक्षित स्मारकात ते कायद्याने गुन्हाही ठरते. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार आणि २०१० च्या दुरुस्तीनुसार राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. हे नियम आपल्याला पाठ असतील, तर उद्या कोणी स्तूपाला खेटून बांधकाम काढले तेव्हा त्याच्याविरुद्ध अर्ज आपणच करू शकू. आपल्याच हातून नियम मोडलेला असेल तर त्या अर्जाला वजन राहत नाही.

सहलीची रचनाही तपासायला हवी. दहा दिवसांत आठ-नऊ ठिकाणे म्हणजे नालंदासारख्या महाविद्यापीठाला अर्धा तास मिळतो, त्यातला निम्मा फोटोत जातो. वयस्क बाया पाय दुखतात म्हणून बसमध्येच थांबतात. स्वच्छतागृहाची सोय कुठे आहे, हे आधी कोणी विचारलेले नसते. ज्यांच्या मजुरीवर सहल उभी राहते, त्यांच्याच वाट्याला सर्वात कमी पाहणे येते. ही उणीव आपण आयोजकांना सांगून दूर करू शकतो.

यंदा निघताना

काही गोष्टी अवघड नाहीत. निघण्याआधी विहारात दोन रविवार बसून प्रत्येक स्थळाची माहिती आणि १९४९ चा कायदा सोप्या मराठीत वाचून काढावा. गावात एम. ए., बी. एड. झालेली मुले-मुली बसून आहेत. त्यांच्यातल्या एकाला त्या बसचा मार्गदर्शक करावे, त्याचे भाडे सर्वांनी मिळून भरावे. बुद्धगयेत महाविहार पाहून झाल्यावर दोमुहानला जाऊन आंदोलकांना भेटावे, त्यांचे म्हणणे ऐकावे. परतल्यावर ग्रामसभेत कायद्यात दुरुस्ती करण्याचा ठराव मांडावा आणि तो जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पाठवावा. एका गावाच्या ठरावाने कायदा बदलत नाही. पण जिल्ह्यातल्या शंभर गावांचे ठराव एका फायलीत जमले, तर आमदार-खासदारांना त्यावर बोलावे लागते.

जे बिहारला जाऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी भद्रावती आणि पवनी आहेत. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे, शाळांच्या सहलींना भाड्यात सवलत मिळते. म्हणजे एका दिवसाच्या मजुरीत वणी-मारेगावच्या बाया विजासनची लेणी पाहून संध्याकाळी घरी येऊ शकतात. अजिंठ्याला निघाल तर सोमवार टाळा, वेरूळला निघाल तर मंगळवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात. प्रत्येक ठिकाणी फलक आहे का, मराठीत आहे का, बरोबर आहे का, पाण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय आहे का, हे लिहून आणावे आणि पुरातत्त्व विभागाला टपालाने कळवावे. त्याची पोच जपून ठेवावी. राज्य संरक्षित स्मारकांच्या देखभालीत संस्थांना सहभागी करून घेणारी ‘महाराष्ट्र वैभव’ योजना आहे. आपल्या उपासक मंडळांनी आणि विद्यार्थी संघटनांनी तिची चौकशी करायला हरकत नाही.

दौलताबादला बाबासाहेबांच्या मागे एक शिपाई चालत होता, कारण त्या जागेवर आपला हक्क नाही असे मानले जात होते. आज तो शिपाई गेला. पण महाविहाराच्या समितीत नऊपैकी पाच जागा अजूनही आपल्या हाती नाहीत, आणि वणीपासून तासाभरावरच्या लेण्यांना आपली पावले क्वचितच लागतात. पहिल्या गोष्टीसाठी संसद, विधिमंडळ आणि न्यायालयाकडे पाहावे लागेल. दुसरीसाठी येत्या रविवारची एसटी पुरेशी आहे.